पिशवी काढल्यावर अंडाशयांचे काय होते?

“तिची पिशवी काढली” हे वाक्य आपल्या खेड्यापाड्यांतून ज्या स्वरात उच्चारले जाते, तो स्वर आम्हांला नेहमीच खटकत आलेला आहे. बोलणाऱ्या बाईचा आवाज एकदम खाली येतो, ऐकणारी कपाळाला हात लावते, आणि जिच्याविषयी हे बोलणे चाललेले असते ती बाळंतीण आतल्या खोलीत कुशीतल्या मुलाकडे पाहत निमूट पडून असते. तिचा जीव वाचला, मूलही वाचले, याचा आनंद घरात असतोच. परंतु त्या आनंदाच्या पाठोपाठ एक निकालही न बोलता दिला जातो : आता ही संपली, आता हिला म्हातारपण आले. सत्ताविसाव्या-अठ्ठाविसाव्या वर्षी दिलेला हा निकाल किती खरा व किती खोटा, हे आज आम्ही वाचकांपुढे शक्य तितक्या सोप्या शब्दांत मांडणार आहोत. विषय थोडा संकोचाचा आहे हे आम्ही जाणतो. तथापि कुटुंबात वाचल्या जाणाऱ्या पत्रात घरच्या आयाबहिणींच्या आरोग्याविषयी बोलावयाचे नाही, तर मग ते बोलावयाचे तरी कोठे?

प्रथम एक घोटाळा दूर करू. बाळंतीण अडली म्हणजे पोटावर छेद घेऊन मूल बाहेर काढतात, त्या शस्त्रक्रियेस सिझेरियन म्हणतात. तीत गर्भाशय उघडले जाते, मूल व वार काढली जाते आणि गर्भाशय पुन्हा शिवले जाते. अंडाशयांस हात लागत नाही, त्यांच्या पुढील कार्यात या शस्त्रक्रियेने बाध येत नाही आणि यथाकाळ मासिक पाळीही परत येते. पिशवी काढणे ही निराळी गोष्ट होय. मूल जन्मल्यावर अंगावरून रक्त जाणे थांबत नाही, गर्भाशय आकुंचन पावत नाही किंवा ते फाटलेले असते, अथवा वार त्यात इतकी रुतलेली असते की सुटत नाही, अशा वेळी डॉक्टर आधी औषधे देतात, गर्भाशय चोळतात, आत फुगा ठेवून दाब देतात, बाहेरून टाके घालून ते आवळतात, रक्तवाहिन्या बांधतात. नुसत्या रक्तवाहिन्या बांधून भागले, तर बहुतेक स्त्रियांची पाळी पूर्ववत् सुरू होते व पुढे मुलेही होतात. हे सारे उपाय थकले म्हणजे मगच गर्भाशय काढण्याचा निर्णय होतो, आणि तो घेण्यास कित्येकदा काही मिनिटांचाच अवधी असतो.

गर्भाशयाच्या दोन्ही बाजूंस बदामाच्या आकाराची, बदामाहून थोडी मोठी अशी दोन अंडाशये असतात. मुलगी जन्मास येते तेव्हाच तिच्या अंडाशयांत दहा ते वीस लाख बीजे असतात. ती वयात येईपर्यंत त्यांपैकी तीन-चार लाख उरतात, आणि साऱ्या आयुष्यात पक्व होऊन बाहेर पडतात ती अवघी चारपाचशे. परंतु बीजे पक्व करणे हे अंडाशयांचे अर्धेच काम. दुसरे काम असे की, ती रक्तात काही रस सोडतात, आणि त्या रसांवर स्त्रीच्या हाडांची बळकटी, त्वचेचा तजेला, रक्तवाहिन्यांचे आरोग्य, झोप आणि मनाची स्थिरता अवलंबून असते. गर्भाशय म्हणजे मूल वाढावयाची जागा. ती जागा गेली तरी दोन्ही अंडाशये आपल्या ठिकाणी असतात आणि महिन्याच्या महिन्याला आपले काम करीत राहतात. पाळी दिसत नाही इतकेच. कारण पाळीचे रक्त हे गर्भाशयाच्या अस्तराचे असते, आणि अस्तरच नाही तर रक्त येणार कोठून? “विटाळ बाहेर पडत नाही, म्हणजे पोटात साचत असेल” ही भीती आम्ही शिकल्यासवरल्या घरांतूनही ऐकली आहे. साचावयास तेथे काही नसते. पक्व झालेले बीज अत्यंत सूक्ष्म असल्यामुळे ते शरीरातच विरून जाते.

हा भेद एके काळी मोठमोठ्या शस्त्रवैद्यांनाही ठाऊक नव्हता, हे ऐकून वाचकांस नवल वाटेल. इटलीमधील पाव्हिया या नगरात १८७६ सालच्या मे महिन्यात एदुआर्दो पोरो नावाच्या प्रसूतितज्ज्ञापुढे एक पंचवीस वर्षांची पहिलटकरीण होती. लहानपणी मुडदूस झाल्यामुळे तिच्या कमरेची हाडे वेडीवाकडी होऊन मुलाची वाट पार अरुंद झाली होती. पोट चिरल्यावाचून गत्यंतर नव्हते. आणि त्या काळी पोट चिरणे म्हणजे आईला बहुधा मृत्यूच्या दारात नेणेच होते. मूल काढल्यानंतर गर्भाशयाला टाके घालण्याची तेव्हा रीतच नव्हती. ते आपोआप मिटेल असे मानून पोट शिवून टाकीत, आणि मग रक्तस्रावाने किंवा जखम पिकून आई दगावे. पोरोने असा विचार केला की, रक्त व पू ज्या जागेतून पोटात उतरतात ती जागाच काढून टाकली तर? त्याने मूल बाहेर काढले आणि गर्भाशय मुखाच्या वरून कापून दोन्ही अंडाशयांसह काढून टाकले. आई वाचली, मूलही वाचले. त्याच वर्षी त्याने या शस्त्रक्रियेचा वृत्तांत प्रसिद्ध केला. त्याच्या मथळ्यातच गर्भाशय आणि अंडाशये अशा दोहोंच्या छेदनाचा उल्लेख आहे. युरोपभर या पद्धतीचा बोलबाला झाला व पुढे ती पोरोच्याच नावाने ओळखली जाऊ लागली. जर्मनीतील माक्स झेंगर याने १८८२ साली गर्भाशय शिवण्याची चांगली पद्धत दाखवून दिली, तेव्हापासून दर वेळी ते काढण्याची गरज उरली नाही.

पोरोने अंडाशये काढली याबद्दल त्याला दोष देणे अन्यायाचे होईल. ती रक्तात रस सोडतात हे तेव्हा कोणासच ठाऊक नव्हते. त्या रसांपैकी एक शुद्ध स्वरूपात प्रथम वेगळा काढला गेला तो १९२९ साली, म्हणजे पाव्हियाच्या त्या शस्त्रक्रियेनंतर त्रेपन्न वर्षांनी. मृत्यूच्या दाढेतून ओढून काढलेल्या त्या काळच्या माता जगल्या खऱ्या, पण ऐन पंचविशीत त्यांच्या शरीरात पन्नाशीची उतरण सुरू झाली असली पाहिजे. आपल्या घराघरांत आजही ऐकू येणारे “हिला म्हातारपण आले” हे वाक्य त्या काळच्या शस्त्रक्रियेविषयी खरे ठरले असते. आजच्या शस्त्रक्रियेविषयी ते खरे नाही. आज बाळंतपणात गर्भाशय काढावे लागले तरी अंडाशये जागच्या जागी ठेवण्याची रीत आहे. त्यांतूनच रक्त जात असेल किंवा ती फाटली असतील तरच एखादे काढावे लागते, आणि एक उरले तरी बहुधा काम भागते.

मग काळजीचे कारण मुळीच नाही काय? असे आम्ही म्हणणार नाही. अंडाशयाला रक्त दोन वाटांनी मिळते : एक वाट थेट पोटातल्या महारोहिणीकडून येते आणि दुसरी गर्भाशयाच्या रोहिणीच्या एका फांदीतून. गर्भाशय काढताना ही दुसरी वाट तोडावीच लागते. दोन पाटांनी भिजणाऱ्या शेताचा एक पाट बंद झाला तर पीक लगेच वाळत नाही. परंतु उन्हाळ्यात ते थोडे आधी सुकू लागते, तसेच काहीसे येथे होत असावे. न्यूझीलंडमधील ऑकलंड येथे अडीचशेहून अधिक अशा स्त्रियांवर पाच वर्षे लक्ष ठेवण्यात आले. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात गर्भाशय काढलेल्या स्त्रियांची अंडाशये इतर स्त्रियांपेक्षा सरासरी ३.७ वर्षे आधी थकलेली आढळली. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायनामध्ये झालेला असाच अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. चार वर्षांत गर्भाशय काढलेल्या स्त्रियांपैकी शेकडा १४.८ जणींची अंडाशये थकली होती, इतर स्त्रियांत हे प्रमाण शेकडा ८ होते. या स्त्रियांच्या शस्त्रक्रिया गाठी वगैरे दुखण्यांसाठी ठरवून केलेल्या होत्या, बाळंतपणाच्या आकांतात केलेल्या नव्हत्या, आणि मूळ दुखण्याचाही त्यात काही वाटा असू शकेल, हे येथे सांगितले पाहिजे. तथापि तोडली जाणारी रक्तवाहिनी तीच असल्यामुळे सावधगिरीही तीच बाळगणे शहाणपणाचे.

आपल्या देशात पाळी जाण्याचे सर्वसाधारण वय शेहेचाळीस-सत्तेचाळीसच्या आसपास आहे. पिशवी काढलेल्या स्त्रीला पाळी गेल्याचे कळणार कसे? तिला शरीराच्या इतर खुणा पाहाव्या लागतात : अचानक अंगातून वाफा निघणे, रात्री घामाने भिजून जाग येणे, झोप उडणे, विनाकारण चिडचिड होणे. या गोष्टी चाळिशीच्या आत किंवा पंचेचाळिशीच्या आत दिसू लागल्या, तर “पिशवी काढली की असेच होते” असे म्हणून गप्प बसू नये. रक्ताच्या साध्या तपासणीवरून अंडाशयांची स्थिती कळते. ती वेळेआधी थकली असतील तर हाडे ठिसूळ होण्याचा व हृदयविकाराचा धोका वाढतो. म्हणून नैसर्गिक वयापर्यंत तो रस औषधाच्या रूपाने देण्याचा सल्ला तज्ज्ञ सामान्यतः देतात. स्तनाचा कर्करोग झालेला असेल किंवा रक्तात गुठळ्या होण्याची खोड असेल तर मात्र हे औषध चालत नाही. सबब ते शेजारणीच्या सांगण्यावरून दुकानातून आणू नये.

आता आम्ही त्या गोष्टीकडे वळतो, जिच्यासाठी खरे म्हणजे हा लेख लिहावयास घेतला.

सीमाभागातील एका खेड्यात आमच्या परिचयाची एक भगिनी आहे. दुसऱ्या बाळंतपणात तिच्या अंगावरून इतके रक्त गेले की तिला शुद्ध राहिली नाही. शहरातल्या रुग्णालयात नेऊन पिशवी काढावी लागली, रक्ताच्या बाटल्या चढल्या, आणि तिसऱ्या आठवड्यात ती घरी आली. मुलाला पाजावयास घेतले तर छातीला दूधच नाही. सासूबाईंनी मेथी-आळिवाचे लाडू केले, खोबरे घातले, पान्हा फुटला नाही. मुलगा वरच्या दुधावर वाढला. पुढे तिला थंडी सोसेना. वैशाखातही ती अंगावर शाल घेऊन बसे. दुपारी भांडी घासता घासता ती भिंतीला टेकून बसे आणि तशीच झोपी जाई. चेहरा पिठासारखा पांढरा पडला, भुवया विरळ झाल्या, काखेतले केस पुन्हा उगवले नाहीत. जावांनी तिला आळशी ठरविले. कोणी म्हणाले दृष्ट लागली, कोणी म्हणाले मनाने खचली. पाळी येत नव्हती, परंतु तिचे कोणासच नवल वाटले नाही, कारण पिशवी काढलेली! डॉक्टरांनीही दर वेळी रक्तवाढीच्या गोळ्या दिल्या. अकरा वर्षे अशी गेली. मग एका पावसाळ्यात साध्या जुलाबांनी ती बेशुद्ध पडली, आणि रुग्णालयातल्या एका तरुण डॉक्टरीणबाईंनी तिला शुद्ध आल्यावर एकच प्रश्न विचारला : “धाकट्याला अंगावर पाजलेत का?”

या प्रश्नात सारे निदान होते. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पीयूषिका ग्रंथी असते, जिला डॉक्टर पिट्यूटरी म्हणतात. दूध उत्पन्न करावे, अंडाशयांनी काम करावे, गळ्यातील थायरॉइड ग्रंथीने व मूत्रपिंडावरील ग्रंथींनी आपले रस सोडावे, हे सारे हुकूम तेथून सुटतात. गरोदरपणी ही ग्रंथी फुगते व तिची रक्ताची गरज वाढते. अशा वेळी बाळंतिणीचे रक्त भळभळा वाहून रक्तदाब खाली गेला, तर त्या ग्रंथीलाच रक्त पुरत नाही आणि तिचा मोठा भाग मरून जातो. ग्लासगो येथील हॅरॉल्ड शीहान या वैद्याने बाळंतपणात दगावलेल्या स्त्रियांच्या शवांची तपासणी करून १९३७ साली हे दाखवून दिले, आणि त्याच्याच नावाने हा विकार ओळखला जातो. येथे अंडाशये निरोगी असतात, परंतु त्यांना हुकूमच येत नाही म्हणून ती स्वस्थ बसतात. ज्या बाईचे गर्भाशय शाबूत आहे तिची पाळी परत आली नाही की घरात चौकशी सुरू होते. जिचे गर्भाशय काढले आहे तिच्या बाबतीत ही खूणच नाहीशी झालेली असते. उरते ती दुधाची खूण, आणि तिच्याकडे आपण “दूध आटले” म्हणून पाठ फिरवितो.

हा विकार आपल्याकडे फार दुर्मीळ आहे असेही नाही. काश्मीर खोऱ्यात झालेल्या आणि २००५ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत बाळंतपणे झालेल्या वीस वर्षांवरील स्त्रियांपैकी सुमारे शेकडा ३ जणींमध्ये तो आढळला, आणि त्यांतील निम्म्याहून अधिक जणींची बाळंतपणे घरी झाली होती. ओळखू आला तर उपाय सोपा आहे. मूत्रपिंडावरील ग्रंथींचा रस गोळ्यांच्या रूपाने मिळतो, थायरॉइडचा मिळतो, अंडाशयांचाही मिळतो. मात्र क्रम महत्त्वाचा आहे. मूत्रपिंडावरील ग्रंथींचा रस, म्हणजे कॉर्टिसोल, आधी द्यावा लागतो. नुसती थायरॉइडची गोळी आधी सुरू केली तर रोगी एकाएकी कोसळू शकतो. थायरॉइडच्या तपासणीतही एक फसगत होते. नेहमीच्या टी.एस.एच. या एकाच आकड्यावर विसंबले तर सारे ठीक असल्याचे दिसू शकते, कारण तो आकडा ज्या ग्रंथीचा, तीच येथे आजारी असते. म्हणून बाळंतपणात फार रक्त गेले होते हे डॉक्टरांस आपण होऊन सांगावे. त्यांनी विचारण्याची वाट पाहू नये.

रक्तस्राव वेळीच आवरला तर गर्भाशयही वाचते आणि ही ग्रंथीही वाचते. या कामी बेळगावचे नाव जगाच्या वैद्यकात घेतले जाते, याचा सीमाभागातील आमच्या वाचकांस अभिमान वाटावा. त्या जिल्ह्यातील खेड्यांत परिचारिकांच्या हस्ते झालेल्या १,६२० बाळंतपणांचा अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. मूल जन्मताच मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या तोंडावाटे दिलेल्या स्त्रियांत जादा रक्तस्रावाचे प्रमाण शेकडा ६.४ होते, न दिलेल्या स्त्रियांत ते शेकडा १२ होते. गेलेले रक्त मोजण्यासाठी बाळंतिणीखाली पसरावयाचे, खाली मापाची पिशवी असलेले एक साधे प्लॅस्टिकचे कापड त्या वेळी तयार करण्यात आले. त्याच्याशी ताडून पाहता नुसत्या डोळ्यांनी केलेला अंदाज सुमारे एक तृतीयांशाने कमी भरतो असे दिसले. अनुभवी माणसांच्याही डोळ्यांना रक्त कमीच दिसते! पुढे २०१७ साली एकवीस देशांतील वीस हजारांहून अधिक स्त्रियांच्या अभ्यासात ट्रानेक्सामिक आम्ल हे स्वस्त औषध तीन तासांच्या आत दिल्यास रक्तस्रावाने होणारे मृत्यू कमी होतात असे आढळले. अशा वेळी गाडीसाठी घालविलेला एक तास किती महाग पडतो, हे यावरून ध्यानी येईल.

एक गोष्ट गोव्यातील व हैदराबादकडील वाचकांस मुद्दाम सांगावीशी वाटते. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब-आरोग्य पाहणीत सिझेरियनचे प्रमाण साऱ्या देशात शेकडा २१.५, गोव्यात ३९.५ आणि तेलंगणात ६०.७ होते. गरज असेल तेथे ही शस्त्रक्रिया जीवदान देते. परंतु “कळा नकोत” किंवा “मुहूर्त साधावयाचा आहे” म्हणून केलेल्या पहिल्या सिझेरियनचे देणे पुढल्या बाळंतपणात फेडावे लागण्याचा संभव असतो, कारण जुन्या व्रणात वार रुतून बसते. तीस हजारांहून अधिक अमेरिकन स्त्रियांच्या २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, वार गर्भाशयाच्या तोंडावर आलेली असता ती रुतल्याचे प्रमाण दुसऱ्या सिझेरियनच्या वेळी शेकडा ११ आणि तिसऱ्या वेळी शेकडा ४० आढळले. पिशवी काढण्याचा प्रसंग याच स्त्रियांवर पुष्कळदा येतो. म्हणून जिचे आधी सिझेरियन झाले आहे तिने पुढच्या खेपेस वार कोठे आहे हे तपासून घ्यावे, आणि ती तोंडाशी असेल तर रक्तपेढीची सोय असलेल्या रुग्णालयातच बाळंतपण ठरवावे.

पिशवी काढून घरी येताना रुग्णालयाकडून एक कागद मिळतो. बहुतेक घरांत तो बिलाबरोबर कोठेतरी पडतो. त्यावर पाच गोष्टी लिहून मागाव्यात : अंडाशये ठेवली की काढली, ठेवली तर दोन्ही की एक, गर्भाशयाचे मुख ठेवले आहे काय, रक्त किती गेले, आणि रक्ताच्या किती बाटल्या दिल्या. मुख ठेवले असेल तर त्याच्या कर्करोगाची तपासणी इतर स्त्रियांप्रमाणेच पुढेही करीत राहावे लागते, आणि क्वचित महिन्याला थोडा डाग दिसला तरी घाबरण्याचे कारण नसते.

आमच्या परिचयाच्या त्या भगिनीचा कागद पत्र्याच्या पेटीत, लग्नाच्या साडीखाली सापडला. दोन्ही अंडाशये ठेवल्याची नोंद त्यावर स्पष्ट होती. अकरा वर्षांत ती कोणी वाचली नव्हती. आता सकाळी चहाबरोबर ती आपल्या गोळ्या घेते. ताप किंवा जुलाब झाले तर कॉर्टिसोलची गोळी दुप्पट घ्यावयाची हे तिला पाठ आहे, आणि प्रवासाला जाताना डॉक्टरीणबाईंची चिठ्ठी पिशवीत असते. गेल्या उन्हाळ्यात आम्ही तिच्या घरी गेलो तेव्हा ती परसात पाटा धूत होती. शाल दोरीवर वाळत घातलेली होती. थंडीपर्यंत ती पेटीत ठेवून देणार असल्याचे तिने सांगितले.